चौथा रकाना

तीन फुटांचं काउंटर, तापकीर गल्लीत.
वर चार्जर लटकवलेले, खाली खोक्यात मेलेले खेळ,
जुन्या बाजारातून किलोच्या भावाने आणलेले.
आम्ही मूळचे तांबट आळीचे.
आजोबांनंतर हातोडा सुटला,
कथील नाही सुटलं.
ते पातेल्यांना लावायचे, मी सर्किटला.

बुधवारी किर्किरे आले.
पिशवीतून रुमाल, रुमालातून तो:
करडा, विटेएवढा, कडांना पिवळा पडलेला,
चार पेन्सिल सेल खाणारा गेमबॉय.
'डावीकडून चौथा रकाना दिसत नाही.'
कधीपासून?
'दोन हजार सहा.'
मग आत्ता कसं काय आलात?
'नातीला शिकवत होतो. म्हटलं, चौथ्यात काय पडलंय
ते लक्षात ठेवायचं, झालं.
ती म्हणाली, आबा, ह्याला बिघाड म्हणतात.'

आयर्न तापेपर्यंत
मी खोक्यातली भावकी मांडली त्यांच्यापुढे.
हा तुमचा, थोरला. पोटात दिवा नाही;
रस्त्याच्या खांबाखाली तिरका धरून खेळायचा.
त्याच्यामागचा हा बारका, दोन सेलांत भागवणारा.
मग घरात रंग आले,
आणि जांभळ्या पारदर्शक अंगातून
आतडी दिसायला लागली.
मग हा आडवा. ताकद दांडगी, पण अंधारात हाही आंधळाच.
मग डबीसारखा मिटणारा,
स्वतःचा उजेड घेऊन जन्मला. चार्जिंगवाला.
सेल विकणाऱ्यांनी सुतक पाळलं असेल.
इथपर्यंत, बरं का, थोरल्याची कॅसेट
धाकट्याच्या अंगात बसायची,
बसायची आणि बोलायची.
मग निपजला दोन पडद्यांचा.
त्याने बापापुरती ओळख ठेवली,
आजोबांना उंबऱ्याबाहेर.
पुढे एकाने ती खाचही बुजवली.

'भावकीत असंच असतं,' किर्किरे म्हणाले,
'तुम्ही रकान्याचं बघा.'

मग वही काढली.
वीज मंडळाची, लाल पाठीची, आडव्या रेघांची.
पर्वतीच्या सबस्टेशनात रात्रपाळीला असताना
मीटरचे आकडे घेऊन झाले की
हा घ्यायचे हातात.
विटा पडायच्या, ओळी भरायच्या, विरघळायच्या;
बटण बंद केलं की गुणही विरघळायचे,
कारण त्या कॅसेटला आठवण नव्हती.
म्हणून वही.
'१४ ऑगस्ट ९८. ६२,३४०. दोन फीडर ट्रिप.'
'३ मार्च ०१. ४८,११०. डास.'
२००६ नंतरही आकडे चढतच गेलेले.
अर्धा आंधळा पडदा, आणि ऐंशी हजार.

मी मागचे स्क्रू काढले.
पडद्याच्या खालच्या कडेला एक चपटी पट्टी असते,
तिच्यावरून टोक सावकाश फिरवायचं,
जास्त नाही, फार दाबायचं तर नाहीच;
खालची धरलेली बोटं सैल झालेली असतात,
ती पुन्हा धरतात.
एक रेघ आली. मग तीन. मग सगळ्या.
हिरवट पडदा आख्खा, पहिल्या दिवसासारखा.

किर्किरे खेळायला लागले.
चष्मा वर, चष्मा खाली.
चार मिनिटांत विटा छताला टेकल्या.
'पुन्हा,' म्हणाले, मला नाही, स्वतःलाच.
पुन्हा टेकल्या.
तिसऱ्यांदा मी पाहिलं नाही,
गिऱ्हाईक होतं, टाइप-सी केबल मागत.

पैसे किती, दीडशे, शंभर घ्या, घेतले.
वही काउंटरवर ठेवून
त्यांनी मुद्दाम पेन मागितलं माझ्याकडे.
तारीख लिहिली.
'२,९२०.'
पुढे, फीडर आणि डास ज्या जागी असायचे तिथे,
'चौथा रकाना दिसला.'

आयर्न अजून गरम होतं.
जरा दाबलं असतं
तर दोन सेकंदांत पूर्वीसारखं झालं असतं.
मी विचारलं नाही.
तेही पायरीवर घुटमळले थोडे,
मग रुमालाची घडी नीट करत
आप्पा बळवंत चौकाकडे गेले.